घाटापासून धरणाच्या फुगवट्यापर्यंत : वाई–धोम परिसरात धावायचं कसं

वाईला येणारे बहुतेक जण ढोल्या गणपतीला हात जोडतात, मेणवलीचा घाट बघतात आणि दुपारच्या आत पसरणी घाट चढून पाचगणीला पोचतात. धावणाऱ्यांनी मात्र वाईतच मुक्काम टाकावा. गणपती घाटापासून कृष्णेच्या वरच्या अंगाला निघालं की तीनेक किलोमीटरवर मेणवली लागते, आठ-नऊ किलोमीटरवर धोम, आणि धरणाच्या भिंतीपलीकडे कमळगडाच्या दिशेनं पसरत गेलेलं पाणी. सगळं एकाच खोऱ्यात, एकाच रेघेवर. या रेघेचा कुठला तुकडा कोणत्या महिन्यात आणि किती वाजता धावायचा, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरवताना किलोमीटर नंतर बघा, धरणातलं पाणी आधी.

आधी पाण्याचा अंदाज

धोमला आपण तलाव म्हणतो, पण ते कृष्णेवरचं मातीचं धरण आहे. भिंत जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, सुमारे ५० मीटर उंच. साठा साडेतेरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. हे पाणी शेतीसाठी साठवलेलं आहे, त्यामुळे त्याचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरतं, तेव्हा फुगवटा डोंगरांच्या सोंडांमध्ये आतपर्यंत शिरतो आणि काठाच्या रस्त्यावरून धावताना पाणी सोबतीला असतं. मग उसाला, गव्हाला आवर्तनं, म्हणजे कालव्यातून ठरावीक पाळ्यांनी पाणी, सुटायला लागतात आणि काठ मागे सरकतो. एप्रिल-मेमध्ये जाल तर रस्ता तोच, डोंगर तेच, पण मध्ये भेगाळलेली जमीन आणि पलीकडे कुठंतरी पाण्याची पट्टी. त्या उघड्या पडलेल्या जमिनीत गावकरी गाळपेर करतात. तिथं पीक उभं असतं, म्हणून पाण्यापर्यंत 'शॉर्टकट' मारू नका.

जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे रोज जाहीर होतात, सातारा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतही येतात. निघण्यापूर्वी ते बघा. साठा ८०-९० टक्क्यांच्या वर असेल तर तलावकाठचा रस्ता धरा. निम्म्यावर आला असेल तर घाट-मेणवलीचा टप्पा जास्त चांगला, कारण नदीकाठची झाडं आणि देवळं धरणाच्या साठ्यावर अवलंबून नाहीत.

महिन्यांचं माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. पाणी भरलेलं, डोंगर अजून हिरवट, हवा कोरडी. जानेवारीत खोऱ्यात थंडी साचते, सकाळी पाण्यावर धुकं असतं. दृश्य म्हणून उत्तम, पण पहिले दोन किलोमीटर बोटं बधिर. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्याच्या पश्चिम टोकाला पाऊस फार. महाबळेश्वर तिथून लांब नाही, आणि वाईत रिमझिम असताना फुगवट्याच्या शेवटाला धो-धो कोसळत असतो. पावसातच धावायचं असेल तर वाईच्या बाजूला राहा. धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटांवर उतरायचंच नाही. या नदीला पूर किती येतो याचा पुरावा ढोल्या गणपतीच्या देवळातच आहे. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती ठेवली, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंना कापलं जावं.

पोचणं आणि मुक्काम

पुण्याहून वाई ९० किलोमीटरच्या आतबाहेर. खंबाटकी घाट उतरलं की सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. साताऱ्याकडून येणाऱ्यांना पाचवडहून आत वळता येतं. एसटीनं यायचं तर स्वारगेटहून वाईच्या आणि वाईमार्गे महाबळेश्वरच्या गाड्या आहेत.

आदल्या संध्याकाळी पोचावं. पोचल्यावर एक काम न चुकता करा : वाईच्या स्टँडवर जाऊन धोमकडच्या गाड्यांच्या वेळा विचारा. खेड्यांच्या फेऱ्या सकाळी एक, दुपारी एक अशा असतात, आणि एकेरी धावून एसटीनं परतायचा बेत त्यांच्यावरच उभा राहतो. फोनवर नकाशाही उतरवून ठेवा. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

मुक्काम गावात घ्या, पाचगणीला नको. पहाटे घाट उतरून धावायला यायचं आणि दमलेल्या पायांनी गाडी चालवत परत चढायचं, यात धावण्यातली निम्मी मजा जाते.

पहिला टप्पा : घाट ते मेणवली आणि परत

अंतर जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर. नवशिक्यांना हा पुरेसा आहे, आणि अनुभवी रनरनं पहिल्या दिवशी पाय मोकळे करायलाही हाच घ्यावा.

सुरुवात गणपती घाटावरून. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची माळच आहे. पहाटे तिथं स्नानाला येणारे असतात, कधी दशक्रियेचे विधी चालू असतात. घाटावर धावू नका, चालत जा; वॉर्म-अप समजा. पायऱ्यांचा काळा दगड ओला असला की बुटांचा तळ धरत नाही, आणि शेवाळावर घसरलेला घोटा महिनाभर साथ देत नाही. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीनं होतो. त्या दिवसांत मांडव, रांगोळ्या, महाप्रसादाच्या पंगती असं सगळं असतं, तेव्हा घाट सोडून थेट रस्त्यावरून सुरुवात करा.

गावाबाहेर पडलं की मेणवलीचा रस्ता धरायचा. नदी डाव्या हाताला राहते. कधी दिसते, कधी झाडीआड जाते. उजवीकडे पांडवगड. चढ जाणवेल न जाणवेल इतकाच. रस्ता डांबरी, साइडपट्टी मात्र सगळीकडे सारखी नाही, कुठं मुरूम, कुठं नुसती खडी. म्हणून समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं धावा. अंधारात हेडलॅम्प आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, आणि त्याच्या मागं नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. या घाटावर इतकं चित्रीकरण झालंय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. तिथं दहा मिनिटं थांबा. घड्याळ बंद करायला हरकत नाही. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक. वाजवून बघायचा मोह आवरा, पहाटे गाव झोपलेलं असतं.

परतताना एक गोष्ट लक्षात येते. खोरं साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतं, त्यामुळे जाताना उगवतीकडे पाठ असते आणि येताना सूर्य थेट डोळ्यांत. पुढे झाप असलेली टोपी घ्या. हा नियम या परिसरातल्या सगळ्या मार्गांना लागू आहे. संध्याकाळी धावाल तर मात्र गणित उलटं : जाताना सूर्य डोळ्यांत, येताना पाठीला.

दुसरा टप्पा : मेणवलीच्या पुढे, धोमपर्यंत

हा टप्पा मला स्वतंत्रपणे फारसा आवडत नाही, पण लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची धाव, जुळवायला उपयोगी आहे. वाई ते धोम आठ-नऊ किलोमीटर, परत येणं धरून सतराच्या आसपास. दोन्ही बाजूंना ऊस, हळद, मध्ये वस्त्या. मोकळ्या पाण्याचं दर्शन शेवटपर्यंत होत नाही.

ऊस म्हटलं की गळीत हंगाम आला. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या भागातला ऊस कारखान्यांकडे निघतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. त्यांचं लोड रस्त्याच्या बाहेर झुकलेलं असतं, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर ती ट्रॉली ड्रायव्हरच्या मनाप्रमाणे वळत नाही. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून उभं राहायचं. पेस (धावण्याचा वेग) बिघडला तरी चालेल. ऊस उतरल्यावर रस्त्यावर पडलेलं पाचट दवानं ओलं असतं, त्यावर पाय टाकू नका. कानात इयरफोन तर या रस्त्यावर नकोच.

धोममध्ये नरसिंहाचं देऊळ बघून घ्या. आवारात कमळाच्या आकाराची पुष्करणी आहे आणि तिच्या मधोमध कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला. उन्हाळ्यात पुष्करणी कोरडी असते तेव्हा कासव पूर्ण दिसतं, म्हणजे धरणात पाणी कमी असताना आलात तरी काहीतरी पदरात पडतंच. बूट काढून आत जायचं, घामेजलेल्या अंगानं गाभाऱ्यात गर्दी करायची नाही, एवढं सांगायला नको.

आता चढ. धरणाची भिंत ५० मीटरची, म्हणजे नदीच्या पातळीवरून तलावाच्या पातळीला यायचं तर तेवढं चढावं लागणारच, रस्ता कुठूनही असो. सात-आठ किलोमीटर जवळजवळ सपाटीवर धावून हा चढ समोर आला की बरेच जण तिथं जोर लावतात. लावू नका. श्वासाकडे लक्ष ठेवून, पावलं लहान करून चढा. चाललात तरी कोणी बघत नाही. पुढे तलावकाठी ताकद लागणार आहे.

धरणाच्या भिंतीवर धावायला मिळेल असं धरून येऊ नका. ती जागा जलसंपदा विभागाची आहे. फाटक बंद असलं किंवा पहारेकऱ्यानं अडवलं तर वाद न घालता मागे फिरायचं. सांडव्याच्या बाजूला उतरणं, भिंतीच्या दगडी पिचिंगवर बसून सेल्फी, ड्रोन उडवणं, यातलं काहीही करू नका.

तिसरा टप्पा : तलावकाठचा रस्ता

एकच सकाळ हातात असेल तर हाच टप्पा घ्या. गाडी धोमपर्यंत न्या, गावात विचारून कोणाची वाट अडणार नाही अशा जागी लावा आणि पाणी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे निघा.

हा रस्ता नकाशावर जितका सरळ दिसतो तितका पायाखाली नाही. उत्तरेच्या डोंगररांगेतून ओढे तलावाकडे उतरतात. प्रत्येक ओढ्याला रस्ता आत वळतो, मोरी ओलांडतो आणि पुढच्या सोंडेवर पुन्हा बाहेर येतो. आत वळताना उतार, बाहेर येताना चढ. एकेक चढ छोटा, पण ते संपत नाहीत. घड्याळातल्या पेसकडे बघून धावणारा इथं वैतागतो. वेळेच्या हिशोबानं धावा : अर्धा तास जायचं, वळायचं, त्याच वाटेनं परत. सोंडेच्या टोकावर आलात की पुढचं पाणी एकदम उघडं पडतं. डाव्या हाताला पलीकडच्या काठावर पाचगणीच्या पठाराची सपाट कड, समोर कमळगड. थांबून बघायला याच जागा चांगल्या, कारण वळणाच्या टोकावर तुम्ही दोन्हीकडच्या वाहनांना दिसता.

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर मोऱ्यांवरून पाणी वाहत असू शकतं. घोट्याच्या वर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर तिथूनच परत फिरा.

तलावाला पूर्ण फेरी मारायची कल्पना प्रत्येकाच्या डोक्यात येते. सोडून द्या. फुगवटा आत बराच लांब जातो, वरच्या बाजूला बलकवडीचं दुसरं धरण आहे, आणि गोल रस्ता आहे असं समजून निघालेला माणूस दुपारच्या उन्हात, पाण्याच्या बाटल्या संपवून, एखाद्या खेड्यात एसटीची वाट बघत बसतो. जाऊन-येऊन दहा किलोमीटर धावा. तेवढ्यात तलावाचं बहुतेक सौंदर्य बघून होतं.

पाणी सोबत न्यायचंच. दर तासाला निदान अर्धा लिटर, उन्हाळ्यात जास्त, बरोबर चिमूटभर मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉलची पुडी. वाटेत दुकान लागलंच तर सकाळी उघडं असेलच असं नाही. तलावात मात्र उतरू नका. काठाचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय आत ओढतो. भरलेल्या धरणात दोन पावलांवर तळ सुटतो. धावून तापलेल्या अंगानं पोहायला उतरणं पोहता येणाऱ्यालाही महागात पडतं.

कुत्र्यांचं काय, हा प्रश्न येणारच. वस्तीची कुत्री राखणीला असतात, पळणाऱ्यावर धावून येतात. चालायला लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका, हात खाली ठेवा. वस्ती मागे पडली की ती थांबतात. माणसं मात्र हटकून चौकशी करतील, "काय पावणं, कुठनं आलाय?" थांबून दोन शब्द बोला. पुढं रस्ता फुटलाय का, पाणी वाहतंय का, ट्रॅक्टर कुठल्या बाजूनं येतायत, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. बायकांनी पहाटेच्या अंधारात एकटीनं निघण्यापेक्षा उजाडल्यावर आणि जोडीनं निघावं असं मी म्हणेन. पुरुषांनाही मी तेच सांगतो, रस्ता तेवढा सुनसान आहे.

ज्यांना सपाट हवंय : कालव्याची कड

धोमपासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्याला उतार अगदी नावापुरता असतो, त्यामुळे त्याच्या कडेचा कच्चा रस्ताही सपाट. गुडघे दुखणाऱ्यांना, आजारातून उठलेल्यांना, लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी पाय हलवायला याहून बरी जागा नाही. मुरूम पायाला डांबरापेक्षा मऊ लागतो.

सगळी कड एकसंध नाही. मध्ये चाऱ्यांची (छोट्या उपकालव्यांची) तोंडं, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप, बांधलेली जनावरं, पावसानं खचलेले भाग. म्हणून आधी एक-दोन किलोमीटर चालत बघून या आणि तोच तुकडा मागे-पुढे धावा. आवर्तन सुटलेलं असताना कालव्याचं पाणी शांत दिसतं पण वेगात असतं, आणि अस्तरीकरण केलेल्या तिरक्या काठावरून वर चढून येता येत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्या दिवसांत कालव्याकडे नेऊच नका.

वरून तलाव बघायचा असेल तर

पाचगणीच्या पारशी पॉइंटवरून किंवा सिडनी पॉइंटवरून अख्खा धोम तलाव खाली पसरलेला दिसतो. तिथं धावत जायचं म्हणजे पसरणी घाट : वाईपासून बारा-तेरा किलोमीटर आणि साधारण साडेपाचशे मीटरचा चढ. सप्टेंबरच्या सुमारास होणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हा चढ खुणावतो, आणि चढ म्हणून तो एकसारखा, छान आहे. अडचण गाड्यांची. शनिवार-रविवारी, दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत पर्यटकांची रीघ लागते, वळणांवर साइडपट्टी मिळत नाही. मधल्या वारी, उजाडताच निघून, आठच्या आत वर पोचायचं असेल तरच जा. उतरताना गाडीनं उतरा, गुडघे वाचतात. एवढं नको असेल तर घाटाच्या पायथ्याशी पसरणी गावापर्यंत जाऊन परत फिरा. शाहीर साबळ्यांचं हे गाव.

दोन दिवसांचा बेत, जुळवून

शनिवारी सकाळी घाट ते मेणवली, अगदी सावकाश. दुपारी धोमला गाडीनं चक्कर, रविवारचा रस्ता डोळ्यांखालून घालायचा, वळायची जागा ठरवायची, गाडी लावायची जागा बघून ठेवायची. रात्री लवकर जेवण. पिठलं-भाकरी चालेल, झणझणीत रस्सा रविवार दुपारसाठी राखून ठेवा.

रविवारी दोन पर्याय. दहा किलोमीटरवाल्यांनी धोमहून तलावकाठानं पाच जाऊन पाच परत. हाफ मॅरेथॉनच्या अंतराची तयारी असणाऱ्यांनी वाईतून निघावं, धोमपर्यंत साडेआठच्या आसपास, पुढे तलावकाठी दोन, मग वळून परत. बेरीज एकवीसच्या जवळ जाते, उरलेलं वाईच्या गल्ल्यांत भरून काढता येतं. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, तेव्हा सव्वासहाच्या आधी निघण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरात पावणेसहाला निघालं तरी थोड्याच वेळात दिसायला लागतं. बरोबरचं कोणी धावत नसेल तर त्याला गाडी घेऊन धोमला थांबायला सांगा : पाणी, केळी, कोरडा टी-शर्ट गाडीत. तुमचा पाय कुरकुरला तर परतीची सोयही तीच.

धावून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका, दहा मिनिटं चाला. मग वाईत पोहे-चहा, आणि रस्त्याकडेचं गुऱ्हाळ चालू असेल तर तिथं उसाचा रस, बर्फ न घालता. डिसेंबरपासून पाचगणीकडची स्ट्रॉबेरी खाली बाजारात यायला लागते. घ्यायची तर सकाळचा माल घ्या, दुपारपर्यंत उन्हात ठेवलेली टोपली पुण्यापर्यंत टिकत नाही.

परतताना खंबाटकीची गर्दी रविवारी संध्याकाळी चारनंतर वाढते. जेवून दोनच्या आत निघा.